जळालेला पुंजणा

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

मोहटोला
३ डिसेंबर

प्रिय तेजराम,

काल सकाळी मी नदीवर आंघोळ करून मारुतीसाठी तांब्याभर पाणी घेऊन परत येत होतो. पाणी इतकं गार होतं की पाय आपले आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. देवाच्या पाण्याचा तांब्या वाटेत कुठंही टेकवायचा नाही हा माझा नेम तुला ठाऊक आहे. काल मी तो कैलाशच्या खळ्याजवळ मातीत ठेवला आणि धावलो. मळणीसाठी रचलेल्या धानाच्या भाऱ्यांचा त्याचा पुंजणा पेटला होता.

तुला फोनच करणार होतो, पण गावात आता फोनवर बोलायची कोणाची हिंमत होत नाही. तुझ्या सुनेचं झालं ते तू ऐकलंच असशील. सरिता बचत गटाच्या बेबीबाईशी फोनवर बोलली, "आधी पाण्याची टाकी, सभामंडप मग पाहू. देवाले काय घाई आहे, घाई बायकांले पाण्याची आहे." कोणीतरी त्यातलं पाण्याचं तेवढं कापलं आणि "सभामंडप मग पाहू, देवाले काय घाई आहे" एवढंच गावाच्या ग्रुपवर टाकलं. ती सरपंचपदाला उभी राहणार हे कळल्यापासूनच कुजबुज होती. त्या दिवसापासून लोक उघड बोलू लागले, की तिकडच्या वस्तीची बाई सरपंच झाली तर मंदिराचं काम बंद पडेल. म्हणून हे पत्र लिहितो आहे. वरठी स्टेशनवर कामाला असलेल्या चिंधूजवळ देईन. तो डोंगरगडच्या गाडीतल्या, तुमच्या रेल्वेच्या ओळखीच्या माणसाकडं देतो म्हणाला.

काल कैलाशच्या बायकोचा, दामिनीचा, सरपंचपदाचा फॉर्म भरायला मिरवणूक निघाली होती. देवळासमोर नारळ फुटला, फटाके वाजले. पुढं डीजेचा ट्रॅक्टर आणि मागं मोटारसायकली असे सगळे कारध्याच्या पुलाकडं गेले. ते पुढं गेल्यावर मागं पुंजण्यातून धूर निघाला. तुझा अश्वजित बाजूच्या शेतात, तुमच्या बांधीत, लाखोळीचं पीक पाहत होता. तो सगळ्यांच्या आधी पोचला. पुंजण्यावर चढला आणि जळते भारे हातानं ओढून खाली फेकू लागला. मग लोक आले, बादल्या आल्या. अर्ध्याहून जास्त धान वाचलं. अश्वजितचा उजवा तळहात भाजला आहे. काळजी करू नको, मालनवहिनींनी हळद-तेल लावलं आणि मग दवाखान्यातही नेलं.

दुपारपर्यंत सगळे त्याला शाबासकी देत होते. फॉर्म भरून मिरवणूक परत आली आणि बोलणं फिरलं. पारावर कोणीतरी म्हणालं, "एवढ्या लवकर तो तिथं पोचलाच कसा?" बेबीबाई म्हणाली, "फटाक्यानं पेटला असन जी." तिला लगेच गप्प केलं, की फटाके देवळापाशीच फुटले, वाटेत कोणी वाजवलेच नाहीत. संध्याकाळी तर "कसा पोचला" हेही कोणी विचारेना. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

तेजराम, माझं ऐक. मतदान होईपर्यंत अश्वजितला तुझ्याकडं डोंगरगडला बोलावून घे. इथं पोरं तापलेली आहेत. हात बरा होईल आणि डोकीही थंड होतील. मी सरिता आणि वहिनींकडं लक्ष ठेवतो.

तुझा
सेवकराम


डोंगरगड
६ डिसेंबर

सेवक,

जयभीम.

आज महापरिनिर्वाण दिन. सकाळी कॉलनीत वंदना झाली, सगळे पांढऱ्या कपड्यात. मी ड्युटीचा शर्ट घालूनच उभा राहिलो, कारण आठ वाजता ट्रॅकवर जायचं होतं. वंदना चालू असताना माझं लक्ष मोहटोल्यात होतं. तुझी चिठ्ठी कालच हातात पडली होती.

खरं सांगू? आधी मला राग आला. पोराचा हात भाजला आणि वर त्याच्यावरच बोट! पण दोनदा वाचलं तेव्हा समजलं की तुझं बरोबर आहे. तू तिथं आहेस. कोणाचे डोळे कसे फिरले हे तुला दिसते, मला इथून फक्त सिग्नल दिसते. त्याला लगेच फोन केला. "ये" एवढंच बोललो, दुसरं काहीच नाही. एवढ्या एका शब्दाचं कापून कोण काय करन?

तो यायला तयार नव्हता. "बाबा, मी गेलो तर सरिताच्या मागं कोण फिरन?" म्हणाला. मी म्हटलं, सेवककाका आहे. तेव्हा कुठं हो म्हणाला.

मला या निवडणुकीची भीती नव्हती, सेवक. सरिता शिकलेली आहे, बोलते नीट, बायका तिला मानतात. पडली तर पडली. पण माझ्या आजानं दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या गावात दोन्हीकडं खायचं-प्यायचं सुरू झालं ते कधी थांबलं नाही. बुद्धपौर्णिमेची खीर तुझ्या घरी गेली नाही असं एक वर्ष आठवत नाही. निर्मलावहिनी तर डबा परत देताना रिकामा देत नाही. एका वॉर्डातल्या बाईनं दुसऱ्या वॉर्डासमोर मत मागितलं तर एवढं कसं काय फाटलं?

असो. तू आहेस म्हणून मला घोर नाही. तुझा वीरेंद्र काय म्हणते? वरठीच्या कारखान्यात पर्मनंट झाला की अजून ठेकेदारातच आहे? त्याला म्हण, अश्वजितच्या मोटारसायकलची चाबी मालनजवळ आहे. लागली तर घेऊन जाय.

तुझा
तेजराम


॥ श्री मारुती प्रसन्न ॥

मोहटोला
९ डिसेंबर

प्रिय तेजराम,

अश्वजित तुझ्याकडं पोचला असेल. त्याला मी वरठीला सोडायला जाणार होतो, पण तो सांगितल्याशिवायच सकाळच्या गाडीनं निघून गेला. बरं झालं की वाईट, ते मला आज ठरवता येत नाही.

काल कैलाशला भारे द्यायचा दिवस होता. तुझ्या वडिलांच्या पुंजण्यावर वीज पडली होती ते तुला आठवत असेल. तेव्हा घरागणिक धानाचा एक भारा आला होता आणि आपण दोघांनी डोक्यावर वाहून वाहून मान मोडून घेतली होती. कोणता भारा कोणत्या वॉर्डाचा हे तुझ्या बापानं विचारलं नव्हतं. देणाऱ्यांनीही सांगितलं नव्हतं. गावाचा एकच नियम होता. ज्याचा पुंजणा जळाला त्याच्या खळ्यावर सगळ्यांचा भारा पडलाच पाहिजे. त्याच्याशी भांडण असलं तरी.

सकाळपासून भारे येत होते. माझाही वीरेंद्रच्या हातून गेला. मग तुमच्या वस्तीतून मालनवहिनी आणि सरिता आल्या. वहिनींच्या डोक्यावर भारा होता. त्या खळ्यात पाय टाकणार तोच कैलाश उठला.

"वा! जाळणारेच भारा आणून राहिले."

वहिनी थांबल्या. भारा डोक्यावर तसाच. म्हणाल्या, "कैलाश, तुह्या धानासाठी माह्या पोराचा हात भाजला गा."

"मंग पळाला काहून? कोणी हाकललं त्याले? ज्याच्या मनात काही नाही तो गाव सोडून जाते का?"

मागून एक पोरगा ओरडला, "सभामंडपाले घाई नाही, पुंजण्याले होती!" लोक हसले. सरिता त्या पोराकडं न बघता कैलाशला म्हणाली, "भाऊजी, निवडणूक आपली दोघांची आहे. भारा गावाचा आहे. तो तरी घ्या."

"नाही पायजे."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी भाऱ्यांच्या ढिगाजवळच उभा होतो. तेजराम, मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलेन असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी भारा खळ्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उतरवला. "आणलेला भारा घरी नेत नसतात," एवढंच म्हणून दोघी निघून गेल्या. कोणी त्याला हात लावला नाही. संध्याकाळी गुरं नदीवरून परतली आणि त्यांनी तो खाल्ला.

कालपासून गावात एकच वाक्य आहे. पळाला म्हणजे त्यानंच जाळला. आज कैलाशनं ठाण्यात तक्रार दिल्याचं ऐकलं. त्याला बोलावून घे असं मीच तुला लिहिलं होतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी रोज देवळात बसतो. पूर्वी बसलो की मन आपोआप खाली उतरायचं, विहिरीत बादली उतरते तसं. आता पाण्यापर्यंत पोचतच नाही. भजनातही आवाज लागत नाही.

वीरेंद्र अजून ठेकेदाराकडंच आहे. तो बरा आहे.

तुझा
सेवकराम


डोंगरगड
११ डिसेंबर

सेवक,

अश्वजित पोचला. हात सुजलेला आहे, रेल्वेच्या डॉक्टरला दाखवला. जेवताना डाव्या हातानं जेवते आणि मला पाहवत नाही.

तुझी चिठ्ठी त्यानंही वाचली. वाचून ठेवून दिली आणि बाहेर जाऊन बसला. मी मागं गेलो. म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, "बाबा, मी सगळ्यात आधी नव्हतो पोचलो."

मी म्हटलं, मग?

"मी बांधीत पाठ करून बसलो होतो. मले काही दिसलं नाही, धूर पण नाही. सेवककाकानं आवाज दिला. 'अश्वजित, धाव रे, कैलाशचा पुंजणा पेटला.' मी धावलो. काका माह्या आधी तिथं होते."

मी विचारलं, मग हे गावात कोणाला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "काका स्वतःच सांगतीन असं वाटलं. त्यांच्या तोंडून निघालं तर कोणी खोटं म्हणणार नाही. मी सांगतलं असतं तर म्हणले असते, स्वतः वाचाले काकाचं नाव घेते. मी वाट पाहून राहिलो होतो."

सेवक, मी ट्रॅकवर चालतो. रूळ कुठं तुटला ते पायाला आधी कळते, डोळ्याला मागून दिसते. तुझं पहिलं पत्र वाचताना माझ्या पायाला काही कळलं नाही, याचंच मला नवल वाटते. "तो सगळ्यांच्या आधी पोचला" असं तू तुझ्या हातानं लिहिलंस. त्याला बोलावून घे म्हणालास. मी तुझ्या शब्दावर पोराला गावातून काढलं आणि त्याचं निघणं हाच पुरावा झाला.

मी भांडत नाही. दोनच गोष्टी विचारतो. तू आवाज दिला होतास का? आणि दिला असशील, तर तू पोचलास तेव्हा तिथं दुसरं कोण होतं?

घाबरून लपवलंस असं मला वाटते. कैलाशच्या माणसांनी दबाव टाकला असेल. तसं असेल तर तसं लिही, मी समजून घेईन. आमच्यात देवाची शपथ घेत नाहीत, पण रोज पंचशील म्हणतो त्यात खोटं बोलणार नाही असं एक शील आहे. ते मी साठ वेळा मोडलं असेल, ड्युटीवर तर रोजच मोडतो. पण दुसऱ्याचं पोर अडकेल असं नाही मोडलं.

अश्वजित मतदानाला गावी येणार. मी नाही म्हटलं. तो म्हणते, "बायको उभी आहे आणि मी मत टाकाले पण नाही आलो, तर सरितानं लोकांना तोंड कसं दाखवायचं?" मग मीही रजा मागितली.

तेजराम


॥ श्री मारुती प्रसन्न ॥

मोहटोला
१३ डिसेंबर

प्रिय तेजराम,

हो. आवाज मीच दिला होता.

ते मी आधी लिहायला हवं होतं. तुझ्या पत्रात राग नाही, हे वाचून मला जास्त त्रास झाला.

एक गोष्ट तुला माहीत नाही. सरिताचं बोलणं ग्रुपवर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कैलाशनं आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांना देवळात बोलावलं. गावात भांडणं नकोत, आपण एक राहू, म्हणाला. मला ते पटलं. नारळ मी धरावा असं सगळ्यांनी म्हटलं, कारण सकाळची पूजा मी करतो. मी धरला. सगळ्यांनी त्याला हात लावून म्हटलं, "मारुतीच्या साक्षीनं, आपल्या माणसाच्या विरोधात तोंड उघडणार नाही." मला वाटलं, चहाटळपणा थांबावा, शिवीगाळ होऊ नये, एवढ्यासाठीच हे आहे. देवासमोर घेतलेला शब्द असा दुसऱ्याच कामाला लावता येतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी कैलाशकडं गेलो होतो. म्हटलं, अश्वजितला मी बोलावलं, त्यानं जाळलं नाही. तो म्हणाला, "काका, नारळ तुमच्या हातात होता." बसवून घेतलं. चहा दिला. मी तो प्यायलो.

कोणी पेटवला ते मी कसं सांगू? धूर दिसला आणि मी धावलो, एवढंच. अश्वजितला निकाल लागेपर्यंत तिथंच ठेव. पोलिस त्याची चौकशी करून गेले आहेत. तो इथं दिसला तर नेतील. निवडणूक संपली की कोणाला या गोष्टीत रस उरणार नाही. माझं एवढं ऐक.

सेवकराम


मोहटोला
२० डिसेंबर

सेवकराम,

तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर बसून लिहितो आहे. तुझ्या दारापर्यंत यायला पाय तयार नाहीत.

रविवारी अश्वजित मतदानाच्या रांगेत उभा होता. पोलिसांनी त्याला रांगेतून बोलावलं. "मत टाकून येतो साहेब," म्हणाला, ते त्यांनी टाकू दिलं. बोटाची शाई ओली असतानाच गाडीत बसला. सरिता केंद्राबाहेर नियमाप्रमाणे लांब उभी होती, तिला सगळं दिसलं. ती तिथून हलली नाही. संध्याकाळपर्यंत उभी होती.

आज निकाल लागला. ती पडली. गुलाल आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उधळला, तो विहाराच्या पायरीवर पडला आहे. मालननं झाडायला झाडू घेतला होता. मी नको म्हटलं.

पुंजणा कोणी पेटवला ते तुला दिसलं होतं. तू तसं लिहिलं नाहीस, पण मला आता तुझं अक्षर वाचता येते. नाव विचारत नाही. पुन्हा पत्र लिहिणार नाही आणि तूही लिहू नको.

तेजराम


मोहटोला
२४ डिसेंबर

प्रिय तेजराम,

लिहू नको म्हणालास तरी लिहितो. वाचशील की नाही ते तू ठरव. हे पत्र चिंधूजवळ देणार नाही, मी स्वतः तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकणार आहे.

त्या दिवशी मी अश्वजितच्या आधी, सगळ्यांच्या आधी होतो. मिरवणूक पुढं निघून गेली होती. शेवटी एक मोटारसायकल थांबली. तिच्यावरचा मुलगा उतरला, त्याच्याजवळ एक रॉकेट उरलं होतं. जमिनीत न खोचता त्यानं ते हातातच धरलं आणि पेटवलं. ते तिरकं गेलं आणि पुंजण्याच्या वरच्या भाऱ्यांत घुसलं. तो हसला, मोटारसायकलवर बसला आणि पुलाकडं निघून गेला. मी तांब्या हातात घेऊन वीस पावलांवर उभा होतो. तो माझा वीरेंद्र होता.

त्यानं मला पाहिलं नव्हतं. आग लागेल असंही त्याला वाटलं नव्हतं. हे मी त्याचा बाप म्हणून सांगत नाही, जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

तू दबाव म्हणालास. नारळाचा दबाव होता, कैलाशचाही होता. पण ते दोन्ही मला सोयीचे झाले. मुलाला वाचवतो आहे असं स्वतःला सांगण्यापेक्षा देवाचा शब्द पाळतो आहे असं सांगणं सोपं होतं. तुझ्या अश्वजितला डोंगरगडला पाठवायचं सुचवलं तेव्हाही मी त्याचं भलं पाहतो आहे असंच मला वाटत होतं. खरोखर तसंच वाटत होतं, तेजराम. म्हणून मला आता माझ्या वाटण्याचा भरवसा राहिला नाही.

निकालाच्या दिवशी वीरेंद्र गुलाल खेळायला गेला नाही. अंगणात बसून मोटारसायकलची चेन घासत होता. चेन स्वच्छच होती. मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "त्या दिवशी तू रॉकेट हातात धरून सोडलं."

त्यानं फडका पुन्हा चेनवरून फिरवला. मग म्हणाला, "तुमाले कसं मालूम?"

"मी तिथं होतो."

"पुलावरून धूर दिसला होता मले. वाटलं, कोणी तणस पेटवली असन. इकडं आल्यावर समजलं." चेन सोडून त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, मी जाणूनबुजून नाही केलं."

"मले मालूम आहे."

"मंग आता काय सांगाचं आहे कोणाले? निवडणूक संपली. सुटन तो अश्वजित, पुरावा काय आहे त्याच्यावर?"

"त्याच्या रात्री कोठडीत जाऊन राहिल्या ना."

"आणि माही नोकरी? ठेकेदार दुसऱ्या दिवशी काढन. कैलाशभाऊ म्हणते, काका गप्प बसले तर मामला आपोआप थंडा होते."

तेव्हा मला समजलं की त्यानं कैलाशला आधीच सांगितलेलं होतं. कधी म्हणून विचारलं तर म्हणाला, फॉर्म भरून आलो त्याच संध्याकाळी. म्हणजे कैलाशनं तक्रार दिली तेव्हा त्याला पुंजणा कोणी पेटवला ते ठाऊक होतं. त्यानं मला चहा पाजला तेव्हाही ठाऊक होतं.

निर्मला दारात उभी राहून ऐकत होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरासाठी आपलं पोर देता काय?"

मी म्हटलं, "तुह्या हातचं खाल्लेलं पोर आहे ते."

"तेही माह्याच घरचं आहे. पण हे माह्या पोटचं आहे जी." आणि ती रडायला लागली.

 लोक म्हणतात की खरं बोललं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. माझ्या घरात आज तिघं तीन वेगळ्या वेळी जेवतो. भजन मंडळातून निरोप आला आहे, की सकाळची पूजा आता दुसरं कोणी करेल. तो निरोप देणारा माणूस खाली पाहून बोलत होता. 

देवाला विचारलं का, असं तू विचारशील. नाही विचारलं. देवासमोर मी एकदा नारळ धरला आणि लोकांना हवं तेच ऐकलं. पुन्हा जाऊन बसलो असतो तर मला हवं तेच ऐकलं असतं. या वेळी त्याला विचारण्याआधीच निघालो.

काल सकाळी वीरेंद्रला म्हटलं, "माझ्यासोबत चल. तू स्वतः सांगितलंस तर फरक पडेल. चूक झाली, मुद्दाम नाही, हे तुझ्या तोंडून जायला हवं." त्यानं डबा पिशवीत टाकला. हेल्मेट घातलं, मोटारसायकल सुरू केली आणि वरठीच्या रस्त्यानं निघून गेला. ड्युटीची वेळ झाली होती. मी अंगणात थोडा वेळ थांबलो, वाटलं परत येईल. मग पायीच निघालो.

ठाण्यात साहेबांनी बसायला खुर्ची दिली. मी सांगत गेलो आणि एक शिपाई लिहीत गेला. नदीवरून निघालो तिथपासून सगळं सांगितलं. अश्वजितला आवाज मी दिला हे सांगितलं. त्याला गावातून पाठवायचं मीच सुचवलं हेही सांगितलं.

साहेब म्हणाले, "एवढे दिवस कुठं होता?"

"गावातच होतो."

"उद्या पलटाल. गावचे लोक बसवतील, समजावतील. असं खूप पाहिलं आहे आम्ही."

"नाही पलटणार."

"कोणाच्या सांगण्यावरून आलात? त्या पडलेल्या बाईच्या?"

"तिला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

त्यांनी लिहिलेला कागद ओढून वाचला. मग शिपायाला लिहायची खूण केली.

"रॉकेट सोडणाऱ्याचं नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यात मधे माझं नाव येतं. शिपायाचा हात थांबला आणि त्यानं साहेबांकडं पाहिलं.

"तुमचा कोण लागतो?" साहेबांनी विचारलं.

"मुलगा," मी म्हटलं, आणि त्यांनी पुढं केलेल्या कागदावर सही केली.

सेवकराम